अकरा नंबरची चिठ्ठी

माझ्यावर या जगात सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे असतील तर ते आमच्या तपासनीस मामांचे. आणि महाडपासून पोलादपूरपर्यंतच्या टापूत त्यांनी ओढून, ठोकून किंवा कानाला लावून पाहिली नाही अशी एकही वस्तू नसेल, हेही मी तितक्याच खात्रीनं सांगतो. एसटीचं दार, देवळातली घंटा, पंगतीची पत्रावळ, डॉक्टरांच्या गळ्यातली नळी, सगळ्यांवर त्यांचा शेरा ठरलेला. "पास", नाहीतर "रिजेक्ट". एकदा आम्ही महाडजवळ सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडावर गेलो होतो. लोक हात जोडून पाण्यात उतरत होते. मामांनी चार ठिकाणी कोपर बुडवून पाहिलं आणि शेजारच्या अनोळखी म्हाताऱ्याला सांगितलं, "मधी पास हाय. ही कड रिजेक्ट, कोमट लागते. तिकडून उतरा." म्हातारा मुकाट्यानं तिकडून उतरला. मामांच्या आवाजात असं काही असे की माणसं ऐकत.

ते माझे सख्खे मामा नव्हते. माझ्या आईचं माहेर पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका वाडीत, आणि मामा त्याच वाडीचे. आमच्याकडे आईच्या वाडीतला प्रत्येक बाप्या मामाच असतो, त्यासाठी रक्त एक असावं लागत नाही. त्यांचं नाव मी इथं लगेच सांगत नाही. त्या नावापायीच पुढचं सगळं घडलं, तेव्हा ते त्याच्या जागी येईल.

महाडच्या वेशीबाहेर एका मुंबईच्या शेठनं पत्र्याच्या छपराखाली चेन बनवायचा लहानसा कारखाना काढला होता. पँटला, बॅगेला, पाकिटाला लावतात ती दातांची चेन. पितळी पट्टीचे दात पाडायचे, ते कापडी फितीवर बसवायचे, वर सरकणारा घोडा चढवायचा, अशी कामं तिथं चालत. मामा शेवटच्या बाकावर होते, तपासणीच्या. प्रत्येक गठ्ठ्यातली एक चेन घेऊन ती वीस वेळा उघडायची, वीस वेळा लावायची, आणि मग तिचा निकाल द्यायचा. बाकीचे तपासणारे चेनकडे डोळ्यांनी बघत. मामा कानानं बघत. चेन कानाशी धरून डोळे मिटून ओढायचे. म्हणायचे, "दात बोलतात रे. ज्याचा दात अडखळला तो आज नाय तर उद्या सोडणार." त्यांच्या बाकावर पत्र्याचे तीन डबे असत. एक पासचा, एक रिजेक्टचा आणि मधला दुबारचा. ज्या चेनविषयी मनात शंका आली ती दुबारच्या डब्यात पडे. संध्याकाळी तिला मेणबत्तीचं मेण चोळून, पकडीनं एखादा दात दाबून मामा तिची पुन्हा परीक्षा घेत. या मधल्या डब्यावर त्यांचा फार जीव. "पास करायला अक्कल लागत नाय, रिजेक्ट करायला तर त्याहून नाय. खरी अक्कल दुबारला लागते," असं ते सुपरवायझरच्या तोंडावर सांगत. तपासलेल्या प्रत्येक खोक्यात एक छापील चिठ्ठी जाई: "माल तपासला आहे. दोष आढळल्यास ही चिठ्ठी जोडून परत पाठवावा. तपासणारा नं. ११." हा अकरा नंबर म्हणजे आमचे मामा. त्यांच्या चिठ्ठ्या कुठं कुठं गेल्या असतील कुणास ठाऊक. त्यांना मात्र त्यातली एकही परत आलेली नाही याचा कोण अभिमान! दिवाळीला शेठ आले की मामा बोनसचं विचारत नसत, "आपली चिठ्ठी आली का परत?" एवढंच विचारत.

सातवीनंतर आमच्या गावाला शाळा नव्हती. वडिलांनी मला महाडला आणून मामांच्या खोलीत सोडलं आणि "राहू दे वर्षभर" म्हणून ते परत गेले. मी सहा वर्षं राहिलो. खोली एवढीशी. मामा, मामी, त्यांची धाकटी मुलगी आणि मी. कॉलेजच्या वसतिगृहात जागा मिळाली तेव्हाच मी तिथून हललो, आणि त्यानंतरही रविवारचं जेवण त्यांच्याकडेच असे. या सगळ्या काळात मामींनी माझ्याशी बोलताना एकदाही "तुझ्या घरी" असा शब्द वापरला नाही. आणि मामांनी माझी एकही वस्तू न तपासता मला दाराबाहेर पडू दिलं नाही. दप्तराचा बंद, चपलेचा अंगठा, पेनची नीब. एकदा गणितात काठावर पास झालो. मी खुशीत प्रगतिपुस्तक पुढं केलं, तर मामांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "काठावरचा माल माझ्या बाकावर कुठं जातो, ठावं हाय ना?"

"दुबारला," मी म्हणालो.

"मग बस. सगळी गणितं परत." स्वतःला भागाकार येत नसताना त्यांनी समोर बसून माझ्याकडून सगळं पुस्तक पुन्हा सोडवून घेतलं. उत्तर बरोबर की चूक ते त्यांना कळत नसे, पण माझा हात कागदावर अडखळला की त्यांना बरोबर ऐकू येई. "थांब. हितं दात अडकला," म्हणत. आणि खरोखर तिथंच चूक असे.

त्यांच्या या स्वभावानं गावात किती गमती झाल्या त्याला गणती नाही. वाडीतल्या एका लग्नात नवरदेव मुंबईहून टेरिकॉटची पँट घालून आला होता. वरात मांडवाच्या तोंडाशी आली, अक्षता वाटून झाल्या, आणि मामांनी वरात अडवली. नवरदेवाच्या कानात काहीतरी सांगून त्याला फणसाच्या झाडामागं घेऊन गेले. मंडळी खोळंबली. भटजी घड्याळ दाखवू लागले. नवरीचा बाप घामाघूम. त्याला वाटलं, मुलीकडचं काहीतरी खटकलं. पाच मिनिटांनी मामा हातातली पकड पुसत बाहेर आले आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पास! वाजवा आता." त्या नवरदेवाला पुढं मुलं झाली, पण वाडीत त्याला अजून 'पास' म्हणूनच हाक मारतात. मामींना यातलं काही नवं नव्हतं. त्या म्हणायच्या, "मला बघायला आले तवा माझ्या तोंडाकडं बघितलंच नाय यांनी. चहाच्या कपाचा कान हलवून बघत व्हते. मी आत जाऊन आईला सांगितलं, गो आये, हा मानूस भांडी विकायला आलाय काय?"

पण मामांच्या स्वभावाची खरी कसोटी लागली ती परदेशी चेन आली तेव्हा. सरकारनं बाहेरच्या मालाला वाट मोकळी केली म्हणे, आणि वर्षभरात मुंबईच्या बाजारात जपानची चेन दिसू लागली. गुळगुळीत, हलकी, आणि आमच्यापेक्षा स्वस्त. कारखान्याला येणाऱ्या ऑर्डरी आटल्या. तीन पाळ्यांच्या दोन झाल्या, दोनाची एक. युनियनच्या पुढाऱ्यानं फाटकापाशी सभा घेतली. परदेशी माल कसा तकलादू, कसा भुक्कड, हे तो तावातावानं सांगत होता. बोलता बोलता त्यानं एक जपानी चेन हातात उंच धरली आणि म्हणाला, "आपले अकरा नंबर इथं आहेत. त्यांनीच सांगावं, हा माल कसा आहे!" कामगारांनी टाळ्या वाजवल्या. मामा पुढं झाले. त्यांनी चेन घेतली, खाली बसले, कानाला लावली आणि ओढायला लागले. वीस वेळा झालं, शंभर झालं. सभा ताटकळली. पुढारी म्हणाला, "मामा, आटपा." मामांनी हातानं त्याला गप्प केलं. मीही त्या दिवशी तिथं उभा होतो, बी.ए.चं शेवटचं वर्ष होतं माझं. सगळ्या सभेत चेनच्या आवाजाशिवाय दुसरा आवाज नव्हता. अखेर मामा उठले, चेन पुढाऱ्याच्या हातात परत दिली आणि म्हणाले, "पास."

एकच गिल्ला झाला. शेजारच्या बाकावरचा माणूस त्यांच्या अंगावर धावून गेला. "अरे, तुझी भाकर खाल्ली हिनं, आन तू पास म्हणतोस?"

"भाकर खाल्ली खरी," मामा म्हणाले, "पण दात सोडत नाय रे. मी काय करू? नाय म्हणू?"

पुढं पंधरा दिवस त्यांच्याशी कुणी बोललं नाही. मग कारखानाच बंद झाला आणि न बोलायलाही कुणी उरलं नाही. शेठनं मुंबईत त्याच जपानी चेनची एजन्सी घेतली, असं नंतर कळलं. मामांनी जाताना एकच गोष्ट मागून घेतली: बाकावरचे ते तीन डबे.

त्याच सुमारास मला महाडमधल्या एका सरकारी कचेरीत कारकुनाची नोकरी लागली. कुठली कचेरी ते सांगत नाही, कारण दोष कचेरीचा नव्हता. मुलाखत अलिबागला होती. निघायच्या दिवशी मामांनी माझ्या शर्टाचं प्रत्येक बटण ओढून पाहिलं, कॉलर तपासली, मला दोनदा वळायला लावलं, आणि मग स्वतःजवळ जपून ठेवलेल्या चिठ्ठ्यांपैकी एक माझ्या खिशात घातली. 'माल तपासला आहे. तपासणारा नं. ११.' मामी हसल्या. मामा हसले नाहीत. "जा," म्हणाले, "परत यायचा नाय हा माल." आमच्या सगळ्या घराण्यात सरकारी कागदावर सही करणारा मी पहिला माणूस. ती चिठ्ठी मी पाकिटात ठेवली.

नोकरी लागल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात मामा मला भेटायला कचेरीत आले आणि भलत्याच दारानं साहेबांच्या खोलीत शिरले. साहेब फायलीत होते. टेबलावर त्यांची नवी, चेनची कातडी बॅग होती. मी धावत पोचेपर्यंत मामांनी ती कानाला लावून दहा-बारा वेळा उघडमीट केली होती. "साहेब," ते प्रेमानं सांगत होते, "ही कुठून घेतलीत? रिजेक्ट हाय. सा महिने धरा." कचेरीतले सगळे माना वर करून बघत होते. मामांच्या अंगात बंडी, पायात टायरच्या चपला, खांद्याला पंचा. साहेब कसनुसं हसले. मी मामांना बाहेर नेलं आणि चहा पाजला, पण चहा पिताना माझं सगळं लक्ष आपल्याला कोण बघतंय याकडे होतं. सहा महिन्यांनी जिल्ह्याहून मोठे अधिकारी आले असताना त्या बॅगेची चेन खरोखरच सुटली आणि सगळे कागद त्यांच्या पायाशी पडले. साहेब माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमच्या त्या माणसाची जीभ काळी दिसते." ते थट्टेनं म्हणाले असावेत. मला ती थट्टा वाटली नाही. माझी नोकरी अजून कायम व्हायची होती, आणि माझ्याविषयीचा अहवाल साहेबच लिहिणार होते.

त्यानंतर काही दिवसांनी सरकारचं एक परिपत्रक आलं. बाहेरून आलेल्या मालामुळे ज्यांचे कारखाने बंद पडले त्या कामगारांना मदत द्यायची होती. नव्या कामाचं शिक्षण, आणि शिक्षण संपलं की त्या कामाचं यंत्र. अर्ज आमच्या कचेरीत घ्यायचे होते आणि ते तपासायचं काम माझ्याकडे आलं. मामांना शिलाई मशीन हवं होतं. "चेन बशिवता येते, मग प्यांट का नाय शिवता येणार?" असं त्यांचं म्हणणं. पोलादपूरच्या स्टँडपाशी एक टपरीही त्यांनी मनात धरून ठेवली होती. मुलगी लग्नाची झाली होती. मामी दुसऱ्यांकडे भात लावायला जाऊ लागल्या होत्या. मशीन मिळालं असतं तर त्या घरी बसून काजं-बटणं करणार होत्या. अर्ज मीच त्यांच्या खोलीवर बसून भरला. 'बेकारीचे कारण' या रकान्यापाशी आम्ही अडलो.

"लिव," मामा म्हणाले, "बाहेरची चेन चांगली व्हती."

"मामा, इथं फक्त 'आयात मालामुळे' लिहायचं असतं."

"म्हंजे?"

"बाहेरून आलेल्या मालामुळे."

"मग 'चांगल्या' लिव ना मधी. बाहेरून आलेल्या चांगल्या मालामुळं. उगा त्या जपानवाल्याला का बदनाम करतोस?"

"अवो, लिवू द्या पोराला," मामी आतून ओरडल्या. "जपानवाला काय तुम्हाला पत्र धाडणार हाय?"

मी 'आयात मालामुळे' एवढंच लिहिलं. खरी अडचण वेगळीच निघाली. कारखान्याच्या हजेरीपटावर त्यांचं आडनाव एक होतं आणि रेशनकार्डावर दुसरं. आमच्या भागात हे फार होतं. माणूस गाव सोडून कामाला लागतो, हजेरी लिहिणारा विचारतो, "कुठले?" माणूस गावाचं नाव सांगतो, आणि तेच त्याचं आडनाव होऊन बसतं. घरी भावकीचं आडनाव चालू राहतं. परिपत्रकात त्यावर उपायही दिलेला होता. अर्जदाराला आठ वर्षांपासून स्वतः ओळखणाऱ्या आणि त्याचा नातेवाईक नसलेल्या एका सरकारी नोकरानं दोन ओळी लिहून द्यायच्या: ही दोन्ही नावं एकाच इसमाची आहेत. बाकीच्या कामगारांनी हा प्रश्न एका दुपारी सोडवला. बाजारपेठेत एक सरकारी मास्तर होते, ते चहाच्या कपावर कुणालाही असा दाखला देत. मामाही त्यांच्याकडे गेले आणि दाखला न घेता परत आले. "माझ्याकडं वर न बघताच सही करत व्हता," ते मला म्हणाले. "न तपासता सही? रिजेक्ट! तू हायस की. आठ वर्सं वळखतोस, सरकारी नोकर हायस, आन कागदावर माझ्या नात्याचा नायस. तू दे दोन ओळी." मी म्हणालो, "देतो." अगदी सहज म्हणालो.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी सकाळी मामा कचेरीत आले. धुतलेली बंडी घातली होती. दोन ओळींचा कागद मी अजून लिहिलेला नव्हता. रोज उद्या लिहू म्हणत होतो. खरं सांगायचं तर मनात सारखं येई, की सही केली तर लोक म्हणतील, आपल्याच माणसाचं काम करतो. साहेब म्हणतील, त्या बॅगवाल्याचा हा पाठीराखा. मामा माझ्या टेबलासमोर उभे राहिले तेवढ्यात साहेबच बाहेर आले. त्यांनी अर्ज हातात घेतला, नावं पाहिली, मामांकडे पाहिलं आणि मला विचारलं, "हे तेच ना? नातेवाईक आहेत का तुमचे?"

"नाही, साहेब," मी म्हणालो. ते खरं होतं.

"मग ओळखत असाल तर द्या की दोन ओळी लिहून. आज शेवटचा दिवस आहे."

म्हणजे साहेबांची हरकत नव्हती. हे मी आज इतक्या वर्षांनी पुन्हा पुन्हा लिहून बघतो. हरकत कुणाचीच नव्हती. पण शेजारच्या टेबलावरचे दोघं काम थांबवून ऐकत होते. मामांच्या टायरच्या चपला, खांद्यावरचा पंचा, आणि त्यांच्या हातात सवयीनं चाललेली माझ्या टेबलाच्या खणाची उघडझाक मला दिसत होती. माझ्या तोंडून निघालं, "तसं काही नाही, साहेब. तोंडओळख आहे."

खणाची उघडझाक थांबली. मामांनी माझ्याकडे मान जराशी कलती करून पाहिलं. चेन कानाशी धरल्यावर त्यांची मान अशीच कलती होई. मी फायलीत बघू लागलो. मग मामाच साहेबांना म्हणाले, "बरोबर हाय, साहेब. पोरगा कामात असतो. त्याला कुठं एवढी मानसं ध्यानात राहायची?" साहेब "बरं" म्हणून आत गेले. मामांनी बंडीच्या खिशातून मेणबत्तीचा तुकडा काढून माझ्या टेबलावर ठेवला. "खण घासतोय," म्हणाले. "मेण लाव." आणि गेले.

संध्याकाळी अर्जावर शेरा मीच लिहिला. 'ओळख पटत नाही. अर्ज दप्तरी दाखल.' अक्षर सुंदर आलं होतं. ते अक्षर मामांच्या खोलीत, दुबारच्या शिस्तीत घडलेलं होतं. बाजारपेठेतल्या मास्तरांचा दाखला आणणाऱ्या सगळ्यांना मदत मिळाली. जो सभेत मामांच्या अंगावर धावून गेला होता, त्यालाही. नोकरीत मी यथावकाश कायम झालो. साहेबांनी अहवाल चांगला लिहिला. त्यात बॅगेचा उल्लेख कुठंच नव्हता. मी रविवारी मामांकडे जेवायला जाणं बंद केलं. कुणी येऊ नको म्हटलं नव्हतं. मलाच ते दार उघडणं जमेना. मग कळलं की खोली सोडून ते पोलादपूरला गेले.

वर्ष-दीड वर्षानं साहेबांबरोबर आंबेनळी घाटाच्या बाजूला कामासाठी जायचं होतं. पोलादपूरला जीप चहासाठी थांबली. साहेबांच्या नव्या बॅगेची चेन पुन्हा अडत होती. "इथं स्टँडवर कुणीतरी चेन दुरुस्त करणारा बसतो म्हणे," असं म्हणून ते स्वतःच उतरले. मी मागोमाग गेलो. स्टँडच्या भिंतीला लागून पोत्यावर मामा बसले होते. पुढं तीन डबे, हातात पकड. केस पिकले होते. टपरी नव्हती, मशीन नव्हतं. साहेबांची बॅग त्यांनी कानाला लावली, दोनदा ओढली, एक दात दाबला, मेण फिरवलं. मग बॅग परत देत म्हणाले, "ही दुबारची हाय, साहेब. चालंल. जपून वापरा."

साहेब त्यांच्याकडे निरखून बघत होते. "तुम्हाला मी कुठंतरी पाहिलंय," ते म्हणाले, आणि माझ्याकडे वळले. "तुम्ही ओळखता ना यांना?"

मी तोंड उघडलं. काय बोलणार होतो, खरंच सांगता येत नाही. माझ्यावर बोलायची वेळ येऊ नये म्हणून मामाच घाईघाईनं म्हणाले, "हां, साहेब. ह्यांची न आमची तोंडवळख हाय."

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी तो घेऊन निदान घरी गेलो असतो. मी दिलेला शब्द त्यांनी जसाच्या तसा सांभाळून ठेवला होता आणि माझी अडचण दिसताच मला परत दिला होता. जी चेन त्यांची भाकर घेऊन गेली तिला भर सभेत 'पास' म्हणताना हा माणूस अडखळला नाही. आणि मी, ज्याला त्यानं सहा वर्षं भाकर दिली, तो चार माणसांसमोर 'ओळखतो' एवढं म्हणू शकलो नाही. जीप घाट चढत होती. साहेब म्हणाले, "भला माणूस दिसतो." मी "हो" म्हणालो. तो 'हो' जिथं म्हणायचा होता, ती जागा दीड वर्ष मागं राहिली होती.

त्याच आठवड्यात मी मामांना पत्र लिहिलं. कचेरीची सवय म्हणून त्याची स्थळप्रत ठेवली, म्हणून ती आज इथं देता येते. उत्तर आलं नाही. मामा कधी पत्र लिहीत नसत. दिवाळीच्या सुमारास मामी महाडच्या बाजारात भेटल्या. मला वाटलं, तोंड फिरवतील. त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

"मामी, पत्र पोचलं का?"

"पोचलं तर. पोरीनं वाचून दावलं. दोनदा वाचायला लावलं यांनी. तिनं पाकिटातली चिठ्ठी हातात दिली, ती उजेडाला धरून बघितली. मग म्हणाले, ठेव डब्यात."

"कुठल्या डब्यात, मामी?"

"मला काय ठावं बाबा?" मामी म्हणाल्या. "तीन हायत." आणि सुकटीचा भाव करायला त्या पुढं गेल्या.

त्यानंतर मी दोनदा पोलादपूरच्या स्टँडवर उतरलो आहे, आणि दोन्ही वेळा भिंतीच्या या बाजूनंच परत फिरलो आहे. ते पत्र असं:

तीर्थस्वरूप मामांस,

शिरसाष्टांग नमस्कार.

सोबत एक दाखला जोडला आहे. मुदत टळून गेली असल्यामुळे त्याचा आता काही उपयोग नाही, हे मला ठाऊक आहे. मशीन यातून मिळणार नाही. तरी तो लिहायचा राहिला होता म्हणून लिहिला आहे. पोरीनं तो मोठ्यानं वाचावा.

"दाखला देण्यात येतो की, सीताराम धोंडू पोलादपूरकर आणि सीताराम धोंडू पवार ही दोन्ही नावे एकाच इसमाची आहेत. सदर इसमास मी वयाच्या तेराव्या वर्षापासून ओळखतो. मी त्यांच्या घरी सहा वर्षे राहिलो व जेवलो. ते माझे नातेवाईक नाहीत असे मी साहेबांना सांगितले होते. ते कागदापुरते खरे आहे."

मामा, अलिबागला निघताना तुम्ही माझ्या खिशात एक चिठ्ठी घातली होती. तुमची एकही चिठ्ठी आजवर परत आलेली नाही, हे मला माहीत आहे. ती न येऊ देण्याचा मी दीड वर्ष प्रयत्न केला.

दोष आढळला आहे. चिठ्ठी सोबत जोडली आहे.

आपला,
भाचा